बाबा डॉक्टरांना म्हणतात, "काही त्रास नाही"

सांजपारवा
बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहितेय, कारण घरात हे बोलायला कुणी नाही. आईपुढे विषय काढला की तिचे डोळे भरतात. भाऊ लांब असतो, तो फोनवर लेख पाठवतो.

बाबा ७१ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन नीट झालं. आता फॉलफॉक्स नावाची केमो चालू आहे, दर १४ दिवसांनी एक अशा १२ सायकल. परवा सातवी झाली. आधी हॉस्पिटलमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाइन, मग फ्लुरोयुरॅसिलचा ४६ तासांचा पंप कमरेला लावून घरी. पंप म्हणजे प्लास्टिकची बाटली, आत औषधाने भरलेला फुगा. तो हळूहळू आक्रसत जातो. बाबा दर दोन तासांनी बाटली उजेडात धरून बघतात, किती उरलं. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले, आता याचा तपासतात.

मुद्द्याचं. परवा निघायच्या आधी ते शर्टाचं तिसरं बटण लावत होते. मी दाराशी होते, त्यांना दिसत नव्हते. बटण चिमटीत धरायचे, काजापर्यंत न्यायचे आणि ते निसटायचं. चार वेळा झालं. मग त्यांनी शर्ट काढून घडी घातली, कपाटात ठेवला आणि टी-शर्ट घातला. तासाभराने डॉक्टरांनी विचारलं, "हातापायांना मुंग्या, बधिरपणा?" बाबा म्हणाले, "अगदी किरकोळ. काही त्रास नाही."

मी गप्प बसले. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "सांगितलं की डोस कमी करतात. बारा म्हणजे बारा. अर्धवट काम मला जमत नाही." वर हेही सुनावलं की, डॉक्टरांना मधे बोललीस तर पुढच्या वेळी एकटा जाईन.

मी काय करू? त्यांच्या मागे डॉक्टरांना सांगू का?

ओसरी
अगं, अगदी आमच्या घरातलं लिहिलंयस. माझी आई तपासणीच्या खोलीत शिरली की तिचा आवाजच बदलायचा, पाहुणे आल्यासारखा. "छान आहे, जेवण जातंय." बाहेर आली की भिंतीला टेकून उभी. नक्की काय करावं ते जाणकार सांगतील. मी आपली तुझ्या बाजूला बसलेय असं समज.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं केमोच्या वॉर्डात परिचारिका आहे. सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे बटण ही बारीकसारीक गोष्ट नाही. ऑक्झॅलिप्लॅटिनचा नसांवरचा परिणाम दोन तऱ्हांचा असतो. एक लगेचचा: गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा, पहिल्या घासाला जबड्यात कळ. हा बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो. दुसरा साचत जाणारा: प्रत्येक डोसबरोबर थोडा वाढतो आणि दोन सायकलींच्या मधल्या दिवसांतही जात नाही. बाबांचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय.

डॉक्टर त्रासाला पायऱ्या देतात. नुसत्या मुंग्या, पण सगळी कामं होतात, तर पहिली पायरी. फोन लावणं, बाजारहाट, पैसे मोजणं अशा कामांत अडायला लागलं की दुसरी. अंघोळ, कपडे, जेवण या स्वतःच्या गोष्टी अडल्या की तिसरी. बटण कपड्यांत येतं. पायरी डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यापर्यंत "किरकोळ" गेलं तर ते पहिलीच लिहिणार. दुसरी पायरी टिकून राहिली तर साधारणपणे ऑक्झॅलिप्लॅटिनचा डोस थोडा कमी करतात, तिसरी टिकली तर तेवढं एक औषध थांबवतात. फ्लुरोयुरॅसिल सहसा पुढे चालू राहतं. म्हणजे "अर्धवट" हा बाबांचा शब्दच चुकीचा आहे. त्यांना वाटतंय सगळंच बंद होईल, आणि तसं कुणी त्यांना म्हटलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. मागून सांगू नकोस. त्यांच्यासमोर सांग, पण मत देऊ नकोस. "बाबांना खूप त्रास आहे" म्हणालीस की ते लगेच "नाही" म्हणणार. "काल चार प्रयत्नांत बटण लागलं नाही, मग त्यांनी टी-शर्ट घातला," एवढंच. याला नाही म्हणता येत नाही.

खडूस_आजोबा
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी स्वतः केमो घेतली आहे, तेव्हा माझ्या मुलाने हेच केलं. डॉक्टरांसमोर माझ्या चुकांची यादी वाचावी तसं माझं खाणं-पिणं-संडास सगळं वाचून दाखवलं. मी तिथेच बसलेलो! डॉक्टर माझ्याशी बोलायचे सोडून त्याच्याशी बोलायला लागले. आजारी माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. गाडीची किल्ली जाते, पाकीट जातं, शेवटी स्वतःबद्दल बोलायचा हक्कही जातो.

बाबांना औषध पुरं घ्यायचं असेल आणि हाताची किंमत मोजायची तयारी असेल, तर तो त्यांचा निर्णय. शरीर त्यांचं आहे.

उंबरठा
आजोबा, निर्णय त्यांचा हे मान्य. पण किंमत माहीत असेल तर तो निर्णय. बाबांना कुणी सांगितलंय का, की हे बधिरपण काही जणांत कायमचं राहतं? आणि शेवटचा डोस झाल्यावरही दोन-तीन महिने ते वाढत जाऊ शकतं? माझ्या वडिलांचं तसंच झालं. केमो संपली म्हणून सगळे खूश, आणि नंतर पायाची बोटं पार सुन्न. चप्पल पायातून निघाली तरी कळायचं नाही. दोनदा पडले.

आमच्याकडे लपवालपवी तापाची होती, ती मात्र महागात पडली. आईला केमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला. "उगाच रात्री धावपळ नको" म्हणून तिने पॅरासिटामॉल घेतली आणि झोपली. सकाळी बीपी इतकं खाली की थेट अतिदक्षता विभागात. वाचली. पण ती रात्र मी विसरणार नाही.

रात्रपाळी
उंबरठा यांनी लिहिलेलं सगळ्यांनी नीट वाचा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या काळात ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप आला की वेळ न बघता हॉस्पिटलला फोन. आधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप झाकला जातो आणि आत जंतुसंसर्ग वाढत राहतो. थंडी वाजून अंग थरथरलं, पण थर्मामीटर साधाच आकडा दाखवतोय, तरीही फोन. इथे "बाबांचा निर्णय" वगैरे चालत नाही.

दुसरं फोन करायचं कारण: पंप चालू असताना छातीत दुखणं. फ्लुरोयुरॅसिलने कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पित्त असेल म्हणून थांबू नका.

चौथा_मजला
तोंड आलंय का त्यांना? आमच्या बाईंनी केमोच्या वेळी अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळायला लावले होते, आईला खूप फरक पडला. करून बघा.

रात्रपाळी
थांबा! बर्फाचा उपाय खरा आहे, पण तो फ्लुरोयुरॅसिल झटकन शिरेत देतात तेव्हाचा. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं. सांजपारवाच्या बाबांना त्याच दिवशी ऑक्झॅलिप्लॅटिनही मिळतं. त्यांना बर्फ दिला तर घसा बंद झाल्यासारखं वाटेल, श्वास अडकलाय या भीतीने माणूस घाबराघुबरा होतो. प्रत्यक्षात श्वासनलिका उघडी असते, पण त्या क्षणी हे कुणाला पटणार?

म्हणूनच इथे उपाय सांगताना आपल्या माणसाचं औषध कोणतं होतं तेही लिहा. "केमो" हे एका औषधाचं नाव नाही.

चौथा_मजला
बाप रे. हे माहीतच नव्हतं. आईचं औषध वेगळं होतं. धागा संपादित करता येत असेल तर माझा प्रतिसाद काढा.

सांजपारवा
काढू नका, राहू दे. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. आणि घशाचं आमच्याकडे झालंय. पहिल्या सायकलनंतर रात्री बाबा उठले, फ्रीजमधली बाटली काढली, एक घोट घेतला आणि गळा धरून खाली बसले. आईने आरडाओरडा केला. तेव्हापासून फ्रीजच्या हँडलला लोकरीचे हातमोजे टांगलेले आहेत. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, वाळत घातलेत.

तोंड आलंय, पण थोडं. खाण्याचं मात्र अवघड आहे. सगळं धातूसारखं लागतं म्हणतात. आई ताट घेऊन मागे लागते, ते चिडतात. आणि तिसऱ्या दिवशी तर इतके चिडतात की ओळखू येत नाहीत! पहिले दोन दिवस मात्र उत्साह असा, की रात्री दोनला पुस्तकांचं कपाट लावत बसले होते.

गोळीवाला
औषधविक्रेता आहे. तुमचं पहिले दोन दिवस आणि तिसरा दिवस हे डेक्सामेथासोन आहे, बाबा नाहीत. उलटी होऊ नये म्हणून हे स्टेरॉइड देतात. घेतलं की झोप उडते, अंगात वारं शिरल्यासारखं होतं. थांबलं की धाडकन खाली. गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, तीही बघा.

ऑनडॅनसेट्रॉन देत असतील तर बद्धकोष्ठता होते, आणि ऑपरेशन झालेल्या आतड्याला ती नको. उलट्या पहिल्या २४ तासांतच होतात असं नाही, दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतच्या मळमळीचं औषध वेगळं असतं. "उलटी झाली तर गोळी" असं न करता, लिहून दिली असेल तशी वेळेवर द्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकते कुठे?

बधिरपणासाठी आपल्या मनाने ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणू नका. ब-६ जास्त झालं तर त्यानेच नसा बिघडतात. वेदना असतील तर ड्युलोक्सेटिन नावाचं औषध आहे, २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरलं. पण ते दुखण्यावर काम करतं, गेलेली जाणीव परत आणत नाही. डॉक्टरांशिवाय नाही.

हितचिंतक_२
इतकी औषधं घेण्यापेक्षा वनौषधीची पावडर द्या, प्रतिकारशक्ती वाढेल. माझ्या ओळखीत एकाला...

गोळीवाला
हितचिंतक, हेतू चांगला आहे, पण नको. यकृत ज्या वाटेने केमोची औषधं मोडतं, त्याच वाटेत अनेक वनस्पती आडव्या येतात. औषध कमी पडतं किंवा अंगावर जास्त राहतं. पावडरीत काय आहे हे डब्यावर लिहिलेलंही नसतं. दिलीच असेल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. या धाग्यात लपवण्याचं आधीच पुरेसं चाललंय.

ओसरी
खाण्याबद्दल माझा अनुभव. "काय खाणार?" हा प्रश्न आम्ही बंद केला. त्याला उत्तर एकच यायचं, काही नको. मग मी वाटीत चार घास नेऊन शेजारी ठेवायची आणि काही न बोलता माझं काम करत बसायची. निम्म्या वेळा वाटी रिकामी व्हायची. दर दोन तासांनी एक वाटी. धातूचे चमचे बाजूला ठेवून प्लास्टिकचे आणले. वास सहन होत नव्हता म्हणून ती झोपलेली असताना स्वयंपाक, आणि दार बंद. गार पदार्थाला वास कमी येतो, पण तुझ्या बाबांना गार नको, तेव्हा घरातल्या तापमानाचं दे.

तोंडासाठी कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. ब्रश अगदी मऊ. अल्कोहोलवालं माउथवॉश नको, आग होते.

आणि आईला ताट घेऊन मागे लागू देऊ नकोस म्हणायला सोपं आहे. तिच्या हातात करण्यासारखं तेवढंच उरलंय. तिला गुळण्यांचं काम दे, वेळा सांभाळायला.

उंबरठा
एक व्यवहाराची गोष्ट. केमोनंतर ४८ तास औषध लघवी, उलटी, शौच यांतून बाहेर पडत असतं. संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश, खराब चादरी हातमोजे घालून वेगळ्या धुवायच्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. हे आम्हाला चौथ्या सायकलला कळलं, तेही शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडून.

आणि बधिर हाताने अंघोळीचं पाणी बघू देऊ नका. वडिलांनी पाय भाजून घेतला होता, लाल झाल्यावर कळलं.

अर्धविराम
बारा सायकलींच्या हट्टाबद्दल. २०१८ मध्ये सहा चाचण्यांचे निकाल एकत्र करून प्रसिद्ध झाले, तिसऱ्या स्टेजचे १२ हजारांहून जास्त रुग्ण. सहा महिन्यांऐवजी तीन महिने औषध दिलं तर काय होतं, हा प्रश्न. नसांचा त्रास तीन महिन्यांत बराच कमी होता. कमी जोखमीच्या गटात, विशेषतः कॅपॉक्स (ऑक्झॅलिप्लॅटिन, आणि पंपाऐवजी गोळ्या) घेणाऱ्यांत, तीन महिने जवळजवळ तितकेच चांगले ठरले. फॉलफॉक्सचं चित्र तितकं स्वच्छ नाही, तेव्हा हे वाचून कुणी परस्पर थांबू नये. पण १२ हा आकडा दगडावर कोरलेला नाही, इतकं नक्की. हिशेबाच्या माणसाला आकडे दाखवा, रडू नका.

खडूस_आजोबा
हे आवडलं. आकडे दाखवा. आणि वही त्यांच्या हातात द्या. मुलाने माझी वही लिहिली तेव्हा मी आरोपी होतो. नंतर मी स्वतः लिहायला लागलो, तेव्हा फिर्यादी झालो. रोज सकाळी: ताप किती, वजन किती, काय जमलं, काय नाही. दुखतंय का, हे लिहायचं नाही. जमलं का, एवढंच.

सांजपारवा
दोन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. मधे एकदा १००.६ ताप आला. रात्री पावणेबारा. बाबा म्हणाले सकाळी बघू. मी हा धागा उघडून उंबरठांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. काही न बोलता टी-शर्टवर स्वेटर चढवून दाराशी जाऊन उभे राहिले. पेशी कमी होत्या, तीन दिवस सलाइनमधून प्रतिजैविकं, मग घरी. त्यामुळे आठवी सायकल आठवडाभर पुढे गेली.

त्या तीन दिवसांत वही दिली. हिरव्या पुठ्ठ्याची, लांबट, त्यांना सवयीची. मी रकाने आखायला गेले तर काढून घेतली. "रेघा वाकड्या येतात तुझ्या." स्वतः आखल्या. पट्टी धरता येत नव्हती म्हणून वर डबा ठेवून. त्यांच्या रेघा माझ्याहून वाकड्या आल्या. आम्ही दोघांनीही ते बघितलं आणि कुणी काही बोललं नाही.

काल डॉक्टरांकडे गेलो. मी ठरवलं होतं की वही त्यांनी नाही काढली तर मी रात्रपाळींनी सांगितलेलं वाक्य बोलायचं. डॉक्टरांनी विचारलं, "हाताला कसं आहे?" बाबा म्हणाले, "ठीक." मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच वही टेबलावर सरकवली. वर बघितलंच नाही. डॉक्टर पानं उलटत गेले. बटण: नाही. बटण: नाही. बटण: एक, ११ मिनिटं. सही: बँकेने परत पाठवली. हे सहीचं मलाही माहीत नव्हतं.

ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवलं. पंप चालू राहणार, उरलेल्या सायकली होणार. बाबांनी विचारलं, "म्हणजे किती टक्के कमी?" डॉक्टर म्हणाले की फायद्याचा मोठा वाटा फ्लुरोयुरॅसिलचाच असतो, आणि सत्तरीच्या पुढे ऑक्झॅलिप्लॅटिनचा वरचा फायदा चाचण्यांमध्ये तसाही कमी दिसलाय. बाबांनी ते लिहून घेतलं. मग घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत. आजही घुश्शातच आहेत. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. बधिरपणा अजून वाढेल, हेही डॉक्टरांनी सांगितलंय.

रात्रपाळी
बाकीचं जाऊ दे, मध्यरात्री हॉस्पिटलला नेलंस ना, ते फार मोठं काम केलंस. आता पायांकडे बघ. घरात बंद बूट, रात्री संडासापर्यंत दिवा, अंथरलेली सतरंजी उचलून ठेव. रोज तळपाय तपासायचे, त्यांना जखम कळणार नाही. आणि तू कधी झोपतेस?

सांजपारवा
झोपेचं विचारू नका. भावाला सांगितलंय, लेख नकोत, पुढच्या पंपाच्या वेळी दोन रात्री ये. येतोय.

आणि एक राहिलं. सकाळी वही टेबलावर उघडी होती. बाबांनी एक नवा रकाना आखलाय. त्यात लिहिलंय, "मुलीची टेहळणी: पायरी २. दैनंदिन कामात अडथळा."

खडूस_आजोबा
पायरी २ ला बंद करत नाहीत, डोस थोडा कमी करतात. करा.